फाइल गेली कुठे?

बास झालं आता! पोलिसांच्या सेवेतून निवृत्त झालेली फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया घेतली. चेसिस नंबरात पी७१ ठसठशीत आहे, म्हणजे पोलिसांसाठीच बांधलेली. छतावरच्या दिव्यांची भोकं बुजवलीत, पण उन्हात तिरकं बघितलं की दारावर खरवडलेल्या अक्षरांची सावली अजून दिसते. पण ती होती कुठल्या ठाण्याची? लिलाववाला म्हणतो खात्याला विचारा, खातं म्हणतं गॅरेजला विचारा, गॅरेज म्हणतं फाइल गाडीबरोबरच गेली. गेली कुठे? माझ्याकडे तर आली नाही!

आणि मैल कसले दाखवता मला? ही गाडी रात्ररात्र इंजिन चालू ठेवून एका जागी उभी असायची. फोर्डच्याच हिशेबाने असा एक तास म्हणजे साधारण ३३ मैलांची झीज. ते तास कोण सांगणार? गिअरबॉक्स कधी बदलला, कोण सांगणार? अक्षरं खरवडायला माणूस मिळतो, सर्व्हिसची चार पानं जपायला मिळत नाही? २०११ मध्ये या गाड्या बनायच्या थांबल्या. आहेत त्यांचे कागद तरी फेकू नका रे!