थोडंसं स्लो केलंय, फील येत होता

रात्री ११ वाजून ५२ मिनिटांनी कॉलेजच्या म्युझिक व्हिडिओच्या ग्रुपवर आमच्या संगीतकाराचा व्हॉइस मेसेज. "गाईज, फायनल मिक्स टाकलंय. थोडंसं स्लो केलंय. फील येत होता."

फील येत होता! अरे, दोन दिवसांचं शूटिंग झालंय. हिरोचे ओठ, हिरोइनचे ओठ, सगळे जुन्या ट्रॅकवर हललेत. सबमिशनला सहा दिवस राहिलेत आणि या महाशयांना आत्ता फील आला.

हिशोब इथेच मांडते, कारण ग्रुपवर मांडला तर "चिल ना यार" असं उत्तर आलं. शूटिंगच्या वेळी गाण्याची लय होती ८४, म्हणजे मिनिटाला ८४ ठोके. यानं केली ८०. नुसतं ऐकलं तर फरक जेमतेम कळतो. पण २२० सेकंदांचं गाणं २३१ सेकंदांचं झालं. प्रत्येक शॉट वेगळा सरकवून जुळवायचा म्हटलं, तरी आठ सेकंदांच्या शॉटच्या शेवटी तोंड आणि शब्द यांच्यात दहा फ्रेमचं, म्हणजे जवळजवळ अर्ध्या सेकंदाचं अंतर पडतं. तोंड मिटलंय आणि आवाज चालूच. विरहगीत नाही, बोलक्या बाहुल्यांचा खेळ वाटतो.

एडिटर म्हणाला, "त्यात काय, व्हिडिओ ९५ टक्के स्पीडला टाकू." टाकला. आपण शूट केलंय सेकंदाला २५ फ्रेमनं. ते तेवढं हळू करायचं तर दर सेकंदाला एखादी फ्रेम दोनदा दाखवावी लागते. माणूस स्थिर उभा असेल तर चालून जातं. कॅमेरा जरा फिरला की चित्राला उचकी लागते. आणि आमच्या कॅमेरावाल्यानं तर एकही शॉट स्थिर घेतलेला नाही, कारण त्यालाही फील येत होता.

मी संगीतकाराला म्हटलं, परत ८४ कर. तर म्हणे बासरी ८० वर नव्यानं वाजवून घेतलीय आणि बासरीवाला गावी गेला. आता लय आवळली तर बासरी पत्र्याच्या शिट्टीसारखी वाजते. मग जुना ट्रॅक दे. तर जुनी फाइल नाही. तिच्यावरच सेव्ह केलं. का? लॅपटॉपमध्ये जागा नव्हती. त्याच लॅपटॉपमध्ये तीन गेम आहेत, मी डोळ्यांनी बघितलेत.

पण त्याच्या एकट्याच्या नावानं खडे फोडण्यात अर्थ नाही. हे सगळं पहिल्या मीटिंगपासूनच असं आहे.

विषय मिळाला होता 'प्रेम आणि विरह'. माझी गोष्ट साधी होती. दोघं वेगळे होतायत. ती शेवटचं सामान न्यायला खोलीवर येते. भांडण नाही, रडारड नाही, नुसती वाटणी. पुस्तकं कोणाची, चादर कोणाची असं करत करत गाडी कुकरपाशी अडते. कुकर त्याच्या आईनं दिलेला. शिट्टी मध्यंतरी हरवली होती, ती नवीन हिनं आणलेली. ती शिट्टी काढते, पर्समध्ये टाकते आणि निघते. शेवटचा शॉट, गॅसवर बिनशिट्टीचा कुकर आणि नुसती वाफ. संपलं.

सांगून झालं. सगळे गप्प. मग हिरो म्हणाला, "पण ती मरते कधी?"

"मरत नाही."

"मग लॉस काय? कुकर?"

झालं. त्यानंतर दीड तास त्या पोरीला कसं मारायचं यावर चर्चा. कॅमेरावाल्याला अपघात हवा होता. स्कूटी आडवी, चाक फिरतंय, ओढणी रस्त्यावर. एडिटरला कॅन्सर हवा होता, कारण त्यात डायरी सापडते. एकीला दोघांनाही मारायचं होतं. शेवटी सरांकडे गेलो तर ते म्हणाले, "कन्सेप्ट छान आहे, पण इमोशनल पंच कमी पडतोय." मी गेल्या वर्षीच्या बॅचचे व्हिडिओ काढून बघितले. पाच होते. चार पोरी मेल्या. पाचव्यात पोरगा सैन्यात गेला, तो परत येत नाही हे आपण समजून घ्यायचं.

अरे, आपल्याकडे विरहिणीला सातशे वर्षं होऊन गेली. तिला चंदन पोळतं, चांदणं सोसत नाही, अंगणात कावळा ओरडला तर ती त्याला निरोप विचारते. ती जिवंत असते म्हणून तर विरह! मेली की विरह कसला, दहावा-बारावा उरतो. जात्यावर बसून बायकांनी माहेरच्या आठवणींच्या एवढ्या ओव्या म्हटल्या, त्यातल्या किती जणी आधी स्कूटीवरून पडल्या होत्या?

सगळ्यात सरळ प्रश्न हिरोइनच्या आईनं विचारला. "एका खोलीत राहतात म्हणजे लग्न झालंय ना त्यांचं?" झालंय काकू. लगेच झालं. खोटं मंगळसूत्र आणलं. आणि खरं सांगायचं तर गोष्ट सुधारली. गळ्यात मंगळसूत्र असताना बाई शिट्टी तेवढी घेऊन जाते, हे जास्त टोचतं. पण हे मी ग्रुपवर कबूल करणार नाही, नाहीतर उद्या सगळे सूचना द्यायला लागतील. आत्ता देत नाहीत असं नाही.

मग तडजोड. ती मरणार नाही, पण फ्लॅशबॅक हवा, टेकडी हवी, स्लो मोशन हवं आणि पाऊस हवा. जानेवारीत. पुण्यात.

ड्रोनही हवा होता. कोणाच्या तरी मावसभावाकडे आहे म्हणे. मी म्हटलं, २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे आधी नकाशावर लाल, पिवळा, हिरवा भाग बघावा लागतो, आणि आपल्या एका बाजूला लोहगावचा हवाई दलाचा तळ आहे, दुसऱ्या बाजूला खडकवासल्याला एनडीए. तर मला 'निगेटिव्ह' म्हणाले. मावसभावानं नंतर फोनच उचलला नाही, तेवढं बरं झालं.

आता टेकडीचा दिवस. पायथ्याशी पावणेसहाला यायचं, असं मी ग्रुपवर तीन वेळा लिहिलं. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो. त्यानंतर पाऊण-एक तास तो मऊ, सोनेरी उजेड मिळतो, त्यासाठीच ही सगळी धडपड. अकरा जणांनी अंगठे टाकले. अकरा अंगठे! पावणेसहाला कोण होतं? मी, हिरोइन आणि काकू. काकूंच्या एका हातात चहाचा थर्मास, दुसऱ्या हातात पिशवी. "पोरगी अंधारात एकटी कशी पाठवू," म्हणून त्या आल्या होत्या. कॅमेरावाला सहा पन्नासला आला. हिरो सात पस्तीसला, केस ओले, "ट्रॅफिक होतं गं." रविवारी पहाटे! ट्रॅफिक!

ट्रायपॉड आला, पण कॅमेऱ्याखाली लावायची प्लेट घरी. त्या प्लेटशिवाय ट्रायपॉड म्हणजे तीन काठ्या. अठराशे रुपये दिवसाचं भाडं भरून, आधारकार्ड गहाण ठेवल्यासारखं दुकानात ठेवून आणलेला कॅमेरा शेवटी काकूंच्या पिशवीवर ठेवला. पिशवीत उपम्याचा डबा. टेकडीवरचे सगळे शॉट त्या डब्याच्या उंचीवरून आहेत. सरांनी रफ कट बघून 'इंटरेस्टिंग लो अँगल' म्हटलं, आणि कॅमेरावाला मान डोलावत उभा.

आणि स्लो मोशन. हिरोला स्लो मोशनमध्ये गायचं होतं. मी समजावलं, ५० फ्रेमनं शूट करून २५ वर दाखवलं की सगळं निम्म्या वेगानं दिसतं. मग ओठ गाण्याशी जुळायला शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं आणि तू तेवढ्याच वेगानं गायचं. घरी पाठ करून ये. "हो हो, येतो." केलं नाही, अर्थात. टेकडीवर ब्लूटूथ स्पीकर लावला आणि गाणं दुप्पट वेगानं सोडलं. नुसता वेग दुप्पट केला की पट्टीही वर जाते. आमचं काळीज चिरणारं विरहगीत चिचुंद्री पकडल्यासारखं किंचाळायला लागलं. समोर हिरो डोळ्यांत पाणी आणायचा प्रयत्न करतोय आणि त्याच वेळी तोंडातल्या तोंडात बडबडतोय. हिरोइनला हसू आवरेना. एकोणीस टेक. एकोणीस! त्यात सतराव्यात बरोबर जमलं होतं, तर फ्रेममध्ये एक आजोबा हात झटकत टाळ्या वाजवत गेले.

हे आजोबा लोक हा एक स्वतंत्र विषय आहे. सकाळी टेकडीवर फिरायला येणारा प्रत्येक माणूस निवृत्त आहे आणि प्रत्येकाला विचारायचंय. "शॉर्ट फिल्म का?" "कुठल्या चॅनेलवर लागणार?" "परवानगी काढलीय का?" "तुमच्या आवाजानं मोर पळाले." एका काकांनी तर विषय ऐकून तिथेच निकाल दिला, "तुमच्या पिढीला विरह कळायचा नाही, आमच्या वेळी पत्राला पंधरा दिवस लागायचे." काका, आम्हाला उत्तराला पंधरा दिवस लागतात, आणि मधले पंधराही दिवस ते माणूस ऑनलाइन दिसतं. पण बोलले नाही. सूर्य वर चालला होता.

पाऊस आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाडला, बागेच्या पाइपनं. कॅमेऱ्यात पाऊस दिसायला लाइट पाण्याच्या मागून लागतो, समोरून मारला तर थेंब दिसतच नाहीत. हे दुसऱ्या सेमिस्टरला शिकवलंय, नोट्स आहेत. लाइट समोर. फुटेजमध्ये पाऊस नाहीच, दोन माणसं विनाकारण भिजलेली आहेत. परत घ्यायच्या आत सेक्रेटरी काका खाली आले. "मे महिन्यात टँकर मागवतो आपण, आणि तुम्ही प्रेमासाठी पाणी ओतता?" या एका वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

खोलीतल्या सीनला दुसरा अँगल फोनवर घेतला. कोणी घेतला ते सांगत नाही, त्याला कळेल. सेकंदाला साठ फ्रेम, शटर १/६०, म्हणजे दर फ्रेमला सेकंदाचा साठावा भाग उघडं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मिणमिणते. डोळ्याला कळत नाही, पण शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं नाही तर कॅमेऱ्याला कळतं. चित्रावर आडवे पट्टे सरकत राहतात. वाटणीचा सगळा सीन, तिचा तो चादरीची घडी घालताना थांबलेला हात, जो तिनं एकदाच आणि अप्रतिम केला होता, त्यावरून पट्टे. त्या एका शॉटसाठी मी अजून झोपताना दात खाते.

कुकरचा शॉट मात्र मस्त आला. कारण तेव्हा सगळे जेवायला गेले होते. मी होते आणि काकू होत्या. उजेड परतवायला कडेनं थर्माकोलची शीट कशी धरायची ते एकदा दाखवलं, तर त्यांनी नऊ मिनिटं हात हलवला नाही. वाफ कमी झाली तर म्हणाल्या, "पाणी कमी घातलंस, आणि गॅस मोठा कर." दोन्ही दिवसांत कोणी मला सांगितलेली ही एकच उपयोगाची गोष्ट.

आणि हा संगीतकार दोनपैकी एकही दिवस आला नाही. घसा बसला होता म्हणे. कॅमेरा उचलायला घसा लागतो का? भाड्याच्या वर्गणीचे सातशे रुपयेही अजून आलेले नाहीत, 'बँकेचा सर्व्हर डाऊन' आहे तीन आठवडे. आणि काल रात्री मी चिडले तर वर मलाच, "आर्टमध्ये असं होतं गं." नाही होत! आर्टमध्ये लय आधी ठरवतात आणि मग तिला हात लावत नाहीत. लेझीमवाल्या पोरांना विचार. मध्येच एकाला फील आला तर शेजारच्याच्या डोक्यात लेझीम बसेल.

तर आता ओठांचे सगळे शॉट परत. रविवार, पायथ्याशी, पावणेसहा. कॅमेऱ्याचे परत अठराशे. ग्रुपवर मेसेज टाकून चार तास झालेत. दहा जणांनी वाचलाय. हिरोनं 'ट्राय करतो' लिहिलंय. संगीतकारानं विचारलंय, इंट्रो जरासा वाढवला तर चालेल का.

मगाशी हिरोइनच्या नंबरवरून मेसेज आला, टायपिंगवरूनच कळलं कोणाचा आहे. "उपमा की पोहे? आणि त्या मुलाला प्लेट आठवणीने आणायला सांग."