सही असली म्हणजे विमान खरं बोलतं असं नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

विमानं आपलं स्थान आणि वेग सांगत जे रेडिओ संदेश सतत सोडतात त्या एडीएस-बी संदेशांची खातरजमा त्यांच्या लहरींवरूनच कशी करता येते, या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. आपलं म्हणणं थोडक्यात असं: संदेशावर डिजिटल सही टाकली की विषय संपला, लहरींचा वेळ आणि डॉपलर (वेगामुळे वारंवारतेत पडणारा फरक) मोजत बसणं हा जुगाड आहे, स्वस्त डाँगलचा (संगणकाला जोडायच्या छोट्या रेडिओ संचाचा) वेळ मोजणारा क्रिस्टल भरवशाचा नसतो, कोणी खोटे संदेश सोडणारे दोन-तीन प्रेषक लावले तर पद्धत कोलमडते, आणि लेखकाने 'इकडचं तिकडचं वाचून ठोकून दिलंय'.

शेवटचं वाक्य मला लागलं. मतभेद जरूर असावेत, पण ओळख ना पाळख आणि थेट माणसाच्या प्रामाणिकपणावर यायचं, ही कुठली पद्धत? माझी उमेदीची वर्षं बिनतारी संचांच्या दुरुस्तीत गेली. आजही गच्चीवर १०९० मेगाहर्ट्झचा अँटेना आहे. ६.९ सेंटिमीटरची तांब्याची तार, मी स्वतः मोजून कापलेली आणि सोल्डर केलेली. सांताक्रूझला उतरणारी विमानं मी त्यावर ऐकतो. असं लिहिण्याआधी एकदा विचारलं असतंत तर मी आनंदाने सगळं दाखवलं असतं.

आता 'सही टाका, विषय संपला'.

टाकायची कुठे? एडीएस-बीचा अख्खा संदेश ११२ बिटांचा. त्यात संदेशाचा प्रकार वगैरे सांगायला ८ बिट, विमानाचा पत्ता २४, चूक तपासायचे २४, आणि स्थान किंवा वेग लिहायला उरतात ५६. आज सर्रास वापरली जाणारी एक सही ५१२ बिटांची असते. म्हणजे एका सहीसाठी दहा संदेश खर्ची पडणार, तेही आधीच गजबजलेल्या वारंवारतेवर. शिवाय जगभरातल्या विमानांतली यंत्रं बदलायची, प्रत्येक देशाने दुसऱ्या देशाच्या डिजिटल चाव्यांवर (सही करायच्या आणि तपासायच्या संकेतांवर) विश्वास ठेवायचा. २०१२ साली संगणक-सुरक्षेच्या ब्लॅक हॅट परिषदेत संशोधक आंद्रेई कॉस्टिन यांनी हे संदेश खोटे किती सहज बनवता येतात ते दाखवलं. तेव्हापासून सहीची चर्चा आहे आणि विमानं अजून सहीशिवायच उडताहेत.

पण समजा, उद्या सही आली. पुढे काय? विमान आपलं स्थान जीपीएसवरून घेतं. जीपीएसच फसवलं गेलं, तर विमान चुकीचं स्थान अगदी प्रामाणिकपणे सही करून पाठवेल. ही कल्पनेतली भीती नाही. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, अशा अडथळ्यांच्या आणि फसवणुकीच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्या, असं सरकारने लोकसभेत सांगितलं. यातली एक तरी घटना सहीने पकडली असती का, ते सांगा. सही फक्त कोण बोलतंय ते सांगते. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी सहीचं मानक आहेच, आयईईई १६०९.२. तरीही सहीची वैध चावी असलेली गाडी खोटं स्थान सांगू शकते, म्हणून तिथेही वेगळी तपासणी लागतेच.

आपण ज्याला जुगाड म्हणता तो असा. एक ग्राहक (संदेश ऐकणारं यंत्र) वसईला, एक पनवेलला. विमान ताशी ९०० किलोमीटरने पनवेलकडून वसईकडे चाललंय. सेकंदात ते २५० मीटर सरकतं, आणि तेवढं अंतर कापायला लहरीला ०.८३ मायक्रोसेकंद लागतात. म्हणून सेकंदाच्या अंतराने सुटलेले दोन संदेश वसईला तेवढे जवळ येतात आणि पनवेलला तेवढे लांबतात. दहा सेकंदांत दोन्हीकडच्या मापात सोळा-सतरा मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. कुर्ल्याच्या एखाद्या खोलीत यंत्र घेऊन खोटे संदेश सोडत बसलेला माणूस संदेशात वेग काहीही लिहो, तो जागचा हललेला नसतो आणि दोन्हीकडे अंतर सारखंच भरतं. ग्राहकांची घड्याळं एकमेकांशी जुळलेली असण्याचीही गरज नाही. हे मी घरी बसून रचलेलं नाही. शेफर, लेंडर्स आणि श्मिट या संशोधकांनी २०१५ साली ही पद्धत सविस्तर मांडली आहे.

क्रिस्टलबद्दल मात्र आपलं बरोबर आहे. डाँगल चालू केला की तापेपर्यंत त्याची वारंवारता सरकत राहते. दहा लाखांत एक भाग चूक म्हणजे सेकंदाला एक मायक्रोसेकंद, आणि आपल्याला मोजायचंय तेही जवळपास तेवढंच. पण ही चूक त्या डाँगलला ऐकू येणाऱ्या सगळ्याच विमानांना सारखी लागते, म्हणून इतर विमानांच्या संदेशांवरून ती वजा करता येते. मुंबईच्या आकाशात विमानांना तोटा नाही.

दोन-तीन प्रेषकांचा मुद्दा मूळ लेखाच्या शेवटच्या भागात आकृतीसकट आहे. तो तुम्ही वाचलेला दिसत नाही. आधी तो वाचा, मग त्यावर बोलू.