उरलेले साठ हजार कुठे ठेवायचे?

दिवाळीनंतर कापूस विकला गेला, केळीची एखादी गाडी भरली, की आमच्या जळगाव-धुळे पट्ट्यात घरोघरी एकच विषय निघतो. खर्च जाऊन पन्नास-साठ हजार उरलेत, कुठे ठेवू? परवा शेजारच्या वहिनींनीही हेच विचारलं. दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून इथे लिहितेय.

टक्का कुठे जास्त मिळेल, इथून सगळे सुरुवात करतात. माझं मत वेगळं आहे. हा पैसा परत कधी लागणार आणि लागेल त्या दिवशी हातात येणार का, हे आधी बघायचं. आपलं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सुरू होतं. सालदाराचं, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचं साल ठरतं, लेकी माहेरी येतात, मे संपता संपता बागायती कापसाचं बियाणं आणायचं असतं, जूनमध्ये शाळेची फी. म्हणजे डिसेंबरात 'उरलेला' वाटणारा पैसा बहुतेक घरांत मेपर्यंतचाच पाहुणा असतो. तो पाच वर्षं अडकवून ठेवला, तर मेमध्ये व्याजाने काढायची पाळी येते.

आणि व्याजाने काढलेला पैसा काय भावाने पडतो, हे एकदा कागदावर मांडून बघा. गावात 'शेकडा २' म्हटलं की किरकोळ वाटतं. ते महिन्याचे असतात. ६०,००० रुपयांवर शेकडा २ म्हणजे वर्षाला १४,४०० रुपये. तेच ६०,००० पोस्टाच्या एनएससीत, म्हणजे राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रात ७.७ टक्क्यांनी ठेवले तर पहिल्या वर्षाचं व्याज ४,६२० रुपये. डोक्यावर असं कर्ज असताना पोस्टात पावती करणं म्हणजे स्वतःच्या हाताने तोटा करून घेणं. कृषी केंद्राच्या उधारीचंही तेच. तिथे व्याज असा शब्द कुणी उच्चारत नाही, पण उधारीचा भाव वेगळा आणि रोखीचा वेगळा. त्यात तोच दुकानदार कापूसही घेत असेल, तर भाव ठरवताना आपलं तोंड बंद असतं. उधारी फेडून बियाणं-खत रोखीने आणणारा शेतकरी कापूस घरात थोडा थांबवू शकतो, चार ठिकाणी भाव विचारू शकतो. ज्यांची शेती आहे त्यांच्यासाठी याहून चांगली गुंतवणूक मला तरी दिसत नाही.

आता सोनं. जळगावच्या सराफ्यावर आपला जीव आहे आणि तो का आहे हे मला कळतं. आमची आजी म्हणायची, "सोनं कव्हय बी कामे येस." म्हणजे सोनं कधीही कामाला येतं. ते खरंच आहे. रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि दुसऱ्या दिवशी गोफ गहाण ठेवून पैसे उभे केले, असं कितीतरी घरांत झालंय. पण दागिना घेताना पावती नीट वाचा. सोन्याच्या किमतीवर घडणावळ, वर ३ टक्के जीएसटी. मोडायला गेलात की घडणावळही परत येत नाही आणि करही नाही. हौसेला आणि लग्नाकार्याला दागिना घ्या, मनापासून घ्या. साठवणूक म्हणून घ्यायचं असेल तर साधी वेढणी किंवा नाणं घ्या, हॉलमार्क आणि एचयूआयडी, म्हणजे त्यावर कोरलेला सहा अंकी-अक्षरी ओळख क्रमांक बघून. भाव चढतच जातो हेही धरून चालू नका. २०१२ च्या शेवटी तोळा ३१ हजारांच्या वर होता, २०१५ मध्ये तो २५-२६ हजारांवर आला. २०२५ मध्ये लाखाच्या पुढे गेला हे खरं, पण मधल्या वर्षांत ज्यांना मोडावं लागलं त्यांना तोटाच झाला.

पतसंस्थांबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. माझ्या आत्याची ठेव पावती अजून आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, घडीवर फाटत आलेली. बँका ९ टक्के देत होत्या तेव्हा त्यावर १३ टक्के छापलेत. पैसे घ्यायला येणारा पिग्मी एजंट गल्लीतलाच, लहानपणापासून ओळखीचा. संस्था बसली, ती गुंडाळायला अवसायक आला आणि आत्याचे हेलपाटे सुरू झाले. तिने आयुष्यभर शिलाई करून जमवलेले पैसे होते ते. सगळ्या पतसंस्था वाईट असतात असं मी म्हणणार नाही, नीट चालणाऱ्याही आहेत. पण एक फरक प्रत्येकाला पाठ असायला हवा. बँक, मग ती सहकारी का असेना, बुडाली तर रिझर्व्ह बँकेच्या डीआयसीजीसी या ठेव विमा संस्थेच्या विम्यातून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल-व्याज धरून ५ लाखांपर्यंत रक्कम मिळते. २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाख होती. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. पाटीवर 'बँक' आहे की 'पतसंस्था' आहे, ते वाचूनच आत जा.

पोस्टाचं सांगते. एनएससी पाच वर्षांची, मधे मोडता येत नाही, अगदी मृत्यूसारखे अपवाद सोडले तर. किसान विकास पत्र अडीच वर्षांनी मोडता येतं. मुदत ठेव सहा महिन्यांनंतर. व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, ते खिडकीवर विचारून घ्या. बँकेत एफडी करणार असाल तर ६० हजारांची एकच करू नका, २०-२० च्या तीन करा. अडचण आली तर एकच मोडावी लागेल.

शेअर बाजाराचा विषय काढला की आपल्याकडे अमळनेर आलंच. १९४५ साली तिथे तेल-वनस्पतीचा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो झाली आणि गावातल्या कित्येक घरांनी जपलेले शेअर पुढे मोठी संपत्ती झाले. खानदेशी माणूस म्हणून मलाही याचा अभिमान आहे. पण त्या गोष्टीतला धडा 'शेअर घ्या' एवढाच नाही. ज्यांना त्या पैशाची वीस-तीस वर्षं गरजच पडली नाही, त्यांचं भलं झालं. लेकीच्या लग्नाला, विहिरीला ज्यांनी विकले, त्यांची नावं कुणी घेत नाही. म्हणून पाच-सात वर्षं लागणारच नाही अशी रक्कम असेल तर इंडेक्स फंडात, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातले सगळे शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात थोडी थोडी टाका, महिन्याला ५०० पासूनही होतं. जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांना शिवलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला होता. तेव्हा घाबरून काढले त्यांचं नुकसान झालं, थांबले त्यांचं पुढे भरून निघालं. थांबता येणं मात्र पुन्हा तिथेच येतं, मेमध्ये तो पैसा लागणार आहे की नाही.

टेलिग्रामवरच्या टिपा बघून ऑप्शन, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेली पैजच, खेळणारी पोरं आता प्रत्येक गावात आहेत. त्यांना मी हात जोडून सांगते. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने स्वतः आकडे काढलेत, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन) करणाऱ्या दर १०० वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ तोट्यात गेले. बापाच्या कापसाचा पैसा तिथे लावू नका.

वहिनींना मी काय सांगितलं? कृषी केंद्राचे २२ हजार आधी देऊन टाका. राष्ट्रीयीकृत बँकेत मिळून वीस हजारांच्या दोन पावत्या करा, मेमध्ये मोडता येतील अशा. उरलेल्या १८ हजारांचं त्यांना लेकीसाठी कानातलं घ्यायचं होतं. मी त्यांना सुकन्या समृद्धी ही मुलींसाठीची सरकारी बचत योजना सुचवली. लेक सात वर्षांची आहे, हे खातं दहा वर्षांच्या आतच उघडता येतं, वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी चालू राहतं आणि २०२५ मध्ये त्यावर ८.२ टक्के व्याज होतं. हा पैसा ती अठरा वर्षांची होईपर्यंत किंवा दहावी होईपर्यंत काढता येत नाही, त्यानंतर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत मिळतो. या एका ठिकाणी पैसा अडकणं मला मान्य आहे, कारण तो लागणारच तेव्हा आहे. त्या १० हजार खात्यात टाकणार आहेत आणि ८ हजारांत जमेल तेवढं कानातलं घेणार आहेत. मला पटलं.

आणि नॉमिनी लावा हो, प्रत्येक पावतीवर. कागद कुठे ठेवलेत ते घरात निदान दोघांना माहीत असू द्या.