हाड, पाड आणि मार

पुण्याहून सोलापूरला बदली झाली तेव्हा भाषेची काळजी नव्हती; तिथं मराठी चालतंच की. वाड्यात खाली घरमालकीण अक्का कन्नड, आणि समोर यंत्रमागवाल्या पद्मशालींचं तेलुगू घर. दोन्हीकडचे माझ्याशी झकास मराठी बोलत. पंचाईत व्हायची ती आपसात बोलू लागले की.

पहिल्याच रविवारी अक्कांनी चहाला बोलावलं. उंबऱ्यात पाय टाकतो न टाकतो तोच आतून आवाज: "हाडु, हाडु!" मी पाय मागे घेतला. मागे कुत्रं आहे का तेही पाहिलं. नव्हतं. म्हणजे मीच! तेवढ्यात अक्कांच्या नातीनं सूर लावला. कन्नडमध्ये 'हाडु' म्हणजे गाणं आणि 'हाडु' म्हणजेच गा. तेव्हा 'गाणं गा' म्हणायला दोनदा हाडहाड करावंच लागतं.

नात थांबली तशा समोरच्या आजी नातवाला म्हणाल्या, "पाडरा, पाडरा!" पोरगं जिन्याच्या कठड्यावर, मी बरोब्बर त्याच्या खाली. कप सावरत बाजूला उडी मारली. पोरानं मात्र नुसतं गाणं म्हटलं. तेलुगूत 'पाडु' म्हणजेही गा!

जुन्या कन्नडमधला शब्दाच्या सुरुवातीचा 'प' पुढे 'ह' झाला. म्हणून दूध तेलुगूत 'पालु' आणि कन्नडमध्ये 'हालु'. तशाच हाडु-पाडु सख्ख्या बहिणी. आपलं पाडणं संस्कृतातून आलेलं, त्यांच्या नात्यात ना गोत्यात. पण हे ज्ञान मिळेपर्यंत अर्धा चहा शर्टावर होता.

मग माझी जुनी स्कूटर. अक्कांचे भाऊ तिच्याभोवती दोन फेऱ्या घालून म्हणाले, "मारतीरेनु?" मी किल्ली खिशात घट्ट धरली. पाकीट मारतात तशी स्कूटरही मारत असतील, काय सांगावं! कन्नड 'मारु' म्हणजे विकणं, हे अक्कांनी सांगितलं. तेलुगूत 'मारु' म्हणजे बदलणं, हे समोरच्या आजींनी. एका क्रियापदानं माणसाला किती छळावं?

मी तक्रार केली, तर अक्का उसळल्या. "आम्ही मारून पैसे तरी घेतो की हो! तुम्ही हाक मारता, गप्पा मारता, शिट्टी मारता, बाजारात चक्कर मारता. काल तर मिठी मारली म्हणालात, तीसुद्धा बहिणीला!"

मी गप्प.

"आता बोला, स्कूटर मारायची का नाही?"

"मारा," मी म्हणालो आणि किल्ली काढून दिली.