दोन लेकरांची आई अन् गेम

लग्नाकार्यात, हळदीकुंकवाला, सुट्टीत गावी गेल्यावर एक वाक्य मला हमखास ऐकू येतं. "दोन लेकरांची आई झालीस, अन् अजून गेम खेळतीस व्हय?" माझ्या नवऱ्यालाही ऐकावं लागतं, पण त्याला थट्टेत म्हणतात आणि मला काळजीच्या सुरात. यावर एकदा सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. घराघरात या विषयावरून कुरबुरी चालू आहेत आणि भांडण भलत्याच मुद्द्यावर होतंय, असं मला मनापासून वाटतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. चाळिशीतल्या माणसानं व्हिडिओ गेम खेळण्यात गैर काही नाही. तो वेळ कोणाच्या वाट्याचा आहे, हे मात्र विचारलंच पाहिजे. आणि हे घरातल्या प्रत्येकाला विचारलं पाहिजे, मग त्याच्या हातात गेम असो, पत्ते असोत की टीव्हीचा रिमोट.

मोठ्या माणसांनी खेळणं आपल्याकडं नवीन आहे का? माझं माहेर औसा तालुक्यातलं. उन्हाळ्यात मारुतीच्या पारावर दुपारभर पत्त्यांचा डाव रंगायचा. मेंढीकोट, छकडी, रमी. खेळणारे पन्नाशीचे, साठीचे, नातवंडं असलेले. घरी भाकरी थापून झाली की आई आम्हा लेकरांपैकी कोणाला तरी पिटाळायची, "जा, बोलवून आण." पारावरून उत्तर ठरलेलं, "हा डाव झाला की आलो म्हणाव." तो डाव संपेपर्यंत आई न जेवता बसायची. त्या माणसांना कोणी पोरकट म्हटलेलं मला आठवत नाही. क्रिकेटची वनडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघणाऱ्यांनाही कोणी कधी वय विचारलं नाही.

आणि खेळायला वय लागत नाही हे सांगायला आपल्याला फार लांब जायची गरज नाही, वेरूळला गेलं तरी पुरे. २१ व्या लेण्यात, ज्याला रामेश्वर लेणं म्हणतात, शिवपार्वती सारीपाट खेळायला बसलेत आणि खाली गणांची नंदीबरोबर मस्ती चाललीय. शाळेच्या सहली कैलास लेणं बघून बसमध्ये बसतात, त्यामुळं हे शिल्प आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलेलंच नसतं. नवराबायको एकत्र खेळतायत, दीड हजार वर्षांपूर्वीच्या दगडात. मला ते फार आवडतं.

मग आमच्या पिढीवर एवढा राग का? मला वाटतं, त्याला आपल्या लातूरचं वातावरणही कारण आहे. ज्या शहराचं नावच अभ्यासाच्या 'पॅटर्न'साठी घेतलं जातं, जिथं नांदेड, बीड, परभणीहून लेकरं खोल्या करून दोन वर्षं फक्त परीक्षेसाठी राहतात, तिथं 'खेळ' म्हणजे अभ्यासातून चोरलेला वेळ, हे डोक्यात पक्कं बसतं. आमच्याही बसलं. टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेम, ते पिवळं कार्ट्रिज काढून फुंकायचं अन् परत बसवायचं, कॉन्ट्रा लागला की सगळी गल्ली आमच्या पुढच्या खोलीत. दहावी आली आणि तो डबा माळ्यावर गेला. परीक्षा झाल्यावर खाली काढू म्हणाले होते. पण बारावी आली, सीईटी आली, नोकरी आली, लग्न झालं. परवानगी देणारी वेळ काही आलीच नाही. आजही मी खेळताना दिसले की आईच्या डोळ्यांत तोच भाव असतो, अभ्यास सोडून बसलीय.

आमची पिढी गेमबरोबरच वाढली. कार्ट्रिज, मग नोकियावरचा साप, मग कॉलेजजवळचे सायबर कॅफे, २०१६ ला जिओ आल्यावर स्वस्त इंटरनेट आणि त्याच्या मागोमाग मोबाइलवरचे मोठमोठे गेम. आमच्या आईवडिलांना गेम पहिल्यांदा दिसला तो लेकराच्या हातात, म्हणून तो त्यांच्यासाठी कायमचा लेकरांचाच राहिला. आमचं तसं नाही. आमच्याबरोबर गेमसुद्धा मोठे झाले.

आता घरातलं सांगते. माझ्या नवऱ्याला तीन सख्खे भाऊ. एक चाकणला कंपनीत, एक हैदराबादला, धाकटा वाळूजला. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांची हीच मांडणी आहे, आईवडील गावात अन् पोरं चार दिशांना. हे चौघे आठवड्यातून काही रात्री बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतासाठी काढलेला गोळीबाराचा गेम, खेळतात, चौघांची टीम. बाहेरून ऐकणाऱ्याला नुसता आरडाओरडा वाटतो. मी शेजारच्या खोलीतून नीट ऐकलंय. "डावीकडं बघ, घराच्या मागं आहे. दादाची शुगर किती आली रे?" "दोनशे दहा. थांब, थांब, गोळी लागली मला." "गोळ्या बदलल्या का डॉक्टरनं?" इथं दादा म्हणजे त्यांचे वडील. मोंढ्यात सोयाबीनला काय भाव निघाला, आईला दवाखान्यात कोण नेणार, धाकट्याच्या प्लॉटच्या हप्त्याचं काय, ही सगळी बोलणी त्या गोळीबारात होतात. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली तेव्हा हे म्हणाले, त्यात काय, फोनवर बोलू की. बोलले. पण पुरुषांचं फोनवरचं बोलणं किती चालतं? "बाकी काय?" "बाकी निवांत." संपलं. पुढच्या वर्षी जुलैमध्ये बीजीएमआय आला आणि चौघे भाऊ परत बोलायला लागले. सासूबाईंना हे पटवायला मी त्यांना एका रात्री स्पीकरवर ऐकवलं. चारही लेकांचे आवाज एकाच वेळी घरात ऐकून त्या खुर्ची ओढून तिथंच बसल्या. आता त्या अधूनमधून येऊन बसतात अन् मध्येच चाकणवाल्याला विचारतात, जेवलास का.

मी स्वतः खेळते तो गेम वेगळा आहे. स्टारड्यू व्हॅली. आजोबांची पडीक शेती नातवाला मिळते, तण काढायचं, दगड फोडायचे, पेरायचं, पाणी द्यायचं. एकेक ऋतू २८ दिवसांचा. लॅपटॉपच्या स्क्रीनचे दोन भाग करून मी आणि माझी सातवीतली मुलगी शनिवारी रात्री एकत्र खेळतो. ती खाणीत उतरते, मी शेत बघते. बियाणं किती घ्यायचं, पैसे कशाला ठेवायचे, यावर आमची खरीखुरी चर्चा होते. शाळेतल्या मैत्रिणीनं बोलणं का बंद केलंय हे तिनं मला तिथंच सांगितलं. नजर स्क्रीनकडं होती म्हणून तिला बोलता आलं, समोर बसवून विचारलं असतं तर "काही नाही" एवढंच उत्तर मिळालं असतं.

दिवाळीत अप्पा, माझे वडील, आमच्याकडं आले होते. सप्टेंबर २०२५ च्या पावसानं शेतात पाणी साचून सोयाबीन गेलं होतं, त्यामुळं ते फारसं बोलत नव्हते. आम्ही दोघी खेळत होतो, ते मागं सोफ्यावर. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हे काय पेरलंय?" मुलगी म्हणाली, "फ्लॉवर, अप्पा. बारा दिवसांत येतो." मग एकेक प्रश्न सुरू झाला. गेममध्ये टीव्ही लावला की उद्याचं हवामान सांगतात. "खरं निघतं का?" "निघतंच." माल पेटीत टाकून झोपायचं. "पैसे कधी येतेत?" "सकाळी उठलं की." "भाव कोण ठरवतंय?" "ठरलेलाच असतोय. कितीबी पिकलं तरी पडत नाही." अप्पा बराच वेळ गप्प राहिले. २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला होता, पण भिजलेला माल घेऊन मोंढ्यात उभं राहिल्यावर काय ऐकावं लागतं हे त्यांना पुरतं माहीत होतं. मग पुढं सरकून बसले आणि नातीला म्हणाले, "ते कडंचं रान रिकामं ठेवू नको. तिथं काय येतंय बघ." त्या रात्री आम्ही तिघं मिळून ते शेत लावलं. अप्पांनी "गेम" हा शब्द एकदाही टाकून बोलल्यासारखा वापरला नाही.

म्हणून मोठ्या माणसांना माझं कळकळीचं सांगणं आहे, दारातून ओरडू नका. आत येऊन शेजारी बसा, काय चाललंय ते विचारा. खेळणारा माणूस आनंदानं सांगतो.

पण त्यांच्या भीतीत खरं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. पैसे लावायचे गेम हा वेगळाच प्रकार आहे, त्याला मी खेळ मानत नाही. रमीच्या नाहीतर तसल्या ॲपपायी पगार, कर्ज, प्रसंगी शेत गेल्याच्या गोष्टी आपल्या भागात कोणी ऐकल्या नाहीत? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली, जाहिरातींवरसुद्धा. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही आहे, आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, मात्र त्याच कायद्यात प्रोत्साहन आहे. ही विभागणी मला योग्य वाटते. आपल्या आईवडिलांना हा फरक बसून समजावून सांगायला हवा. त्यांच्या लेखी मोबाइलवरचं सगळं एकच.

त्याच वर्षी जुलैमध्ये राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचा, माणिकराव कोकाटेंचा, सभागृहातला मोबाइलवर पत्ते दिसणारा व्हिडिओ फिरला, ते आठवा. आपण खेळत नव्हतो असं त्यांनी सांगितलं, पुढं त्यांचं खातं बदललं. आपल्या लातुरात तर त्यांच्या पक्षाच्या पत्रकार परिषदेत निषेध म्हणून टेबलावर पत्ते टाकले गेले अन् वरून टाकणाऱ्यांनाच मारहाण झाली. लोक एवढे का चिडले? मोठा माणूस खेळला म्हणून नाही. तो वेळ शेतकऱ्यांच्या हक्काचा होता म्हणून. घरातही नेमकं हेच आहे.

बीजीएमआयचा एक डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो आणि मध्ये थांबवता येत नाही. शंभर जण खेळत असतात, तुमच्यासाठी कोणी थांबणार नाही. हे घरच्यांनी समजून घ्यावं आणि खेळणाऱ्यानं त्याहून जास्त समजून घ्यावं. लेकराला झोपवायची वेळ झालेली असताना डाव लावायचाच नाही. शिवाय हे गेम रोज यायला लावतात, रोजचं बक्षीस, सीझन संपत आल्याची घाई. त्यात ओढला जाणारा माणूस खरंच हाताबाहेर जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत १ जानेवारी २०२२ पासून 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. पण ते कशाला म्हणतात हे वाचा. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतो, नुकसान होतंय दिसूनही सुटत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा. शनिवारी दोन तास खेळणाऱ्या बाईला "व्यसन लागलं" म्हणायचं, ही त्या आजारी माणसाचीही थट्टा आहे.

आणि आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. घरातली फुरसत सगळ्यांना सारखी मिळत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठीच्या बिनपगारी कामात सहभागी बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं गेली, पुरुषांची ८८. तेही हे घरकाम करणाऱ्या पुरुषांची, जे हातच लावत नाहीत ते यात धरलेलेच नाहीत. कुटुंबाचा वेळ गेमनं खाल्ला म्हणणाऱ्यांनी आधी या दोन आकड्यांकडं बघावं. पारावरच्या डावाला वेळ आईचा गेला. आज डाव फोनवर आला, पण भांडी कोण घासतंय?

आमच्या घरी यावर स्पष्ट बोलणं झालं. रात्रीची भांडी अन् उद्याचे डबे ज्याच्याकडं असतील त्याचं काम झाल्याशिवाय घरातलं दुसरं कोणी डाव लावत नाही. जेवताना कोणाचाच फोन ताटाजवळ नसतो. यात सासूबाईंचा व्हॉट्सॲपसुद्धा आला, आणि सुरुवातीला त्यांना ते आवडलं नव्हतं. भावांची रात्र नवऱ्याची, शनिवारची रात्र माझी आणि लेकीची, त्या रात्री आमच्या धाकट्या लेकराला झोपवायचं काम नवऱ्याचं. एवढं ठरल्यापासून आमच्यात गेमवरून वाद झालेला नाही.

मराठवाड्यातल्या बायकांनो, तुमच्यातल्या कितीतरी जणी कँडी क्रश नाहीतर लुडो खेळता, मला माहीत आहे. बसमध्ये, डबा खाताना, सगळे झोपल्यावर. कोणी आलं की पटकन फोन उलटा ठेवता. काय खेळता, कधी खेळता, घरी कोण काय म्हणतं, हे खाली लिहा. नवऱ्यांनीही लिहा, पण तुम्ही खेळत असताना स्वयंपाकघरात कोण असतं, ते आधी लिहा.