चहालाच तर गेले होते!

तुम्ही पुण्यात राहता, म्हणजे प्रश्न विचारायची खोड तुम्हाला असणारच. रिक्षावाल्याने लांबच्या रस्त्याने का आणलं, बाकरवडीच्या पाकिटात दहा ग्रॅम कमी का भरली, आज नळाला करंगळीएवढीच धार का. विचारा, खुशाल विचारा. पण सकाळी तळजाईवर फिरताना फोनवर बातमी आली की अमुक साहेब परवा रात्री तमुक देशाच्या माणसाला बंद दाराआड भेटले, सोबत ना सचिव, ना कागद, ना पेन्सिल, तर तिथे जीभ आवरा. फोन खिशात घाला आणि टेकडी चढा. हृदयाला तेच बरं.

खोड जुनी आहे, एका दिवसात जायची नाही. म्हणून थोडा सराव सांगतो.

आधी खुलाशांची भाषा शिका. 'अशी भेट झालेलीच नाही' याचा अर्थ, फोटो अजून बाहेर आलेला नाही. फोटो आला की ती 'सदिच्छा भेट' होते. फोटोच्या कोपऱ्यात तिसरा माणूस दिसला की 'तब्येतीची विचारपूस'. आणि तो तिसरा कोण हे कळलं की मग 'देशहिताच्या सगळ्याच गोष्टी उघड करता येत नाहीत'. दोन दिवसांत चारही पायऱ्या चढून होतात. पर्वती चढायला आपल्याला जास्त दम लागतो.

तसं पुण्यात लपून भेटणं अवघडच. ऑगस्ट 2023 मध्ये कोरेगाव पार्कातल्या एका उद्योजकाच्या बंगल्यात काका-पुतणे भेटले, तर गाड्या बाहेर पडताना कॅमेरे हजर. घरची माणसं भेटली तर त्यात गुप्त काय, असं आपल्याला सांगण्यात आलं. तरी आपण त्यावर पंधरा दिवस कट्ट्याकट्ट्यावर बोललो, कारण पणाला लागला होता पक्ष. देश लागला असता तर दोन दिवसांत आटोपलं असतं.

आता माझीच चूक सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. आमची 24 फ्लॅटची सोसायटी. आमचे चेअरमन एका बिल्डरबरोबर डेक्कनवर चहा पिताना दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना दिसले. झालं! रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटला. भेट कशाला? कमिटीचा ठराव कुठाय? इतिवृत्तात नोंद का नाही? आणि मी स्वतः, साडेअकरा वाजता, डोळे चोळत विचारलेला प्रश्न: चहाचं बिल कोणी दिलं? चेअरमननी पुढच्या सभेत बिल आणून टेबलावर ठेवलं. दोन चहा, एक बनमस्का. बनमस्का नक्की कोणी खाल्ला यावर आणखी अर्धा तास गेला.

त्यात कायदाही आमच्याच बाजूचा. पुनर्विकासासाठी सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79-अ खाली शासनाने जे नियम घालून दिलेत, त्यांनुसार बिल्डर निवडायच्या सभेला निबंधक कार्यालयाचा अधिकारी लागतो आणि सभेचं व्हिडिओ चित्रीकरणही करावं लागतं. कोणाला किती कार्पेट आणि कोणाला कुठलं पार्किंग, यासाठी कॅमेरा. सरहद्दीच्या गप्पांना मात्र... जाऊ द्या. तुलना करू नका, पित्त खवळतं.

'राष्ट्रीय सुरक्षा' हे शब्द कानावर पडले की राष्ट्रगीताला उभे राहतो तसं ताठ उभं राहायचं. फरक इतकाच की राष्ट्रगीत 52 सेकंदांत संपतं. माहिती अधिकारात 10 रुपये भरून अर्ज टाकायचा मोह तुम्हाला होईल. 2005 च्या कायद्याप्रमाणे 30 दिवसांत उत्तर यायला हवं, आणि आलंच तर ते कलम 8 च्या पहिल्याच ओळीवर बोट ठेवून येईल: सार्वभौमत्व, सुरक्षा, परराष्ट्र संबंध. त्याच कलमात थोडं खाली असंही लिहिलंय की माहिती देण्यातलं लोकहित मोठं असेल तर ती देता येते. तिथपर्यंत वाचू नका. अपिलांचा नाद लागतो आणि माणूस संसारातून उठतो.

यानंतर एक फार वाईट प्रश्न डोक्यात येतो. आल्याबरोबर झुरळासारखा चपलेखाली घ्या. साहेब ज्याला भेटले तो परदेशी. म्हणजे काय बोलणं झालं, कोण नरमलं, कोणी कशाला मान डोलावली, हे त्या देशाला ठाऊक झालंच. त्या गृहस्थाने त्याच रात्री आपल्या राजधानीला चार पानं धाडली असतील. मग गुपित उरलं ते कोणापासून? तुमच्यापासून, माझ्यापासून, आणि आपल्याच परराष्ट्र खात्यातल्या त्या अधिकाऱ्यापासून, ज्याला उद्या त्याच गृहस्थासमोर बसून वाटाघाटी करायच्यात. बघा, म्हटलं नव्हतं, वाईट प्रश्न आहे?

गुपचूप बोलणी करावीच लागतात, हे कोणीही शहाणा मान्य करील. डिसेंबर 2015 मध्ये भारत आणि पाकिस्तानचे सुरक्षा सल्लागार बँकॉकला भेटले, आधी कोणाला पत्ता लागू दिला नाही. पण सोबत परराष्ट्र सचिव होते आणि भेट झाल्यावर संयुक्त निवेदनही निघालं. असली उदाहरणं लक्षात ठेवू नका. गुप्तता आणि नोंद एका खोलीत नांदू शकतात, असा गैरसमज होतो.

त्यापेक्षा आपल्या गावचा दाखला घ्या. 25 ऑक्टोबर 1802 ला हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी लढाई मारली आणि दुसरे बाजीराव पुण्यातून निघाले ते वसईला इंग्रजांच्या आसऱ्याला. 31 डिसेंबरला तिथे तह झाला. शिंद्यांना विचारलं नाही, नागपूरच्या भोसल्यांना विचारलं नाही. तहात काय होतं? इंग्रजांची सहा हजारांची कायमची फौज, तिच्या खर्चाला 26 लाखांचा मुलूख, आणि इंग्रजांना विचारल्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत. एका खासगी भेटीत पुढच्या सगळ्या भेटींची परवानगी गहाण! सरदारांना कळलं तेव्हा शाई वाळलेली होती. 1803 मध्ये युद्ध झालं आणि 17 नोव्हेंबर 1817 ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. आता तिथे संध्याकाळी लोक भेळ खातात. म्हणजे शेवटी सगळं सुरळीतच होतं.

परदेशातल्या बातम्या मात्र वाचू नका, सवयी बिघडतात. ब्रिटनच्या मंत्री प्रीती पटेल 2017 च्या ऑगस्टमध्ये कुटुंबासह सुट्टीवर इस्रायलला गेल्या आणि आपल्या परराष्ट्र खात्याला न सांगता तिथे डझनभर बैठका करून आल्या, एक थेट पंतप्रधानांशी. नोव्हेंबरमध्ये त्यांना केनियाच्या दौऱ्यावरून परत बोलावलं आणि राजीनामा घेतला. सुट्टीत कामं केली म्हणून राजीनामा! आपल्याकडे सत्कार झाला असता. घाबरू नका, 2019 मध्ये त्या गृहमंत्री झाल्या.

अमेरिकेत मायकेल फ्लिन राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार होऊन महिनाही भरला नव्हता. रशियाच्या राजदूताशी फोनवर काय बोललो हे त्यांनी उपराष्ट्राध्यक्षांना नीट सांगितलं नाही आणि पद गेलं. तिथल्या न्याय खात्याने आधीच इशारा दिला होता की या माणसावर रशिया दबाव आणू शकतो. का, तर खरं काय बोलणं झालं ते रशियाला माहीत आणि घरच्यांना नाही. म्हणजे जे लपवलं तेच हातात दोरी होऊन बसलं. लफडं घरी कळू न देणाऱ्या माणसाकडून शेजारी महिनोन् महिने उसने पैसे उकळतो, त्यातलाच प्रकार. हे वाक्य वाचून झालं असेल तर विसरा.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. 30 वर्षं पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळेत होते. काम काय करता हे त्यांनी काकूंनाही कधी सांगितलं नाही. काकूंचा बरीच वर्षं समज होता की हे फटाक्यांच्या खात्यात आहेत. नोकरीत असताना लेकीकडे न्यू जर्सीला जायचं तर आधी खात्याची परवानगी. परवानगी आली तेव्हा नातू रांगायला लागला होता. 1923 चा शासकीय गुपिते कायदा काकांना आरतीसारखा पाठ आहे. तो कायदा नुसता भिंतीवर टांगायला नाही, हे पुण्याने मे 2023 मध्ये पाहिलं, दिघीच्या संशोधन संस्थेच्या संचालकांना एटीएसने अटक केली तेव्हा. खटला कोर्टात आहे, त्यावर मी बोलणार नाही. काका तर मुळीच बोलत नाहीत. फक्त साहेबांच्या रात्रीच्या भेटीची बातमी लागली की टीव्हीचा आवाज वाढवतात आणि चष्मा पुसत बसतात.

राहता राहिली पक्षाची परीक्षा. ती सोपी आहे. भेट कोणाची हे आधी बघायचं, काय बोलणं झालं ते नंतर, जमलं तर. जुलै 2017 मध्ये डोकलामला भारत-चीनच्या फौजा समोरासमोर असताना राहुल गांधी चिनी राजदूतांना भेटल्याची बातमी आली. काँग्रेस आधी म्हणाली, खोटी आहे. मग म्हणाली, भेटले, त्यात काय! भेटीची नोंद आधी कुठे दिसली होती? चिनी दूतावासाच्या संकेतस्थळावर. त्याच डिसेंबरात गुजरातच्या प्रचारसभेत पंतप्रधानांनी मणिशंकर अय्यर यांच्या घरच्या जेवणावर संशय घेतला. पंगतीला पाकिस्तानचे माजी परराष्ट्रमंत्री, मनमोहन सिंग आणि आपले एक माजी लष्करप्रमुख. निवडणूक आटोपली. मग 27 डिसेंबरला अरुण जेटलींनी राज्यसभेत सांगितलं की मनमोहन सिंगांच्या देशनिष्ठेबद्दल शंका घ्यायचा पंतप्रधानांचा हेतू नव्हता. तळजाईवरच्या आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी या दोन बातम्यांवर सहा महिन्यांच्या आत एकमेकांची वाक्यं जशीच्या तशी वापरली. अबोला अजून आहे. जेवणात काय ठरलं आणि राजदूतांशी काय बोलणं झालं, हे दोघांपैकी एकानेही अजून विचारलेलं नाही. असं जमलं पाहिजे.

आमच्या चेअरमनना जमलं. परवा नोटीस बोर्डावर लेटरहेडवर टाईप केलेला कागद लागला: 'चेअरमन व विकासक यांची दि. 9 रोजी सदिच्छा भेट झाली. सोसायटीच्या सुरक्षेच्या कारणास्तव तपशील देता येत नाही.' खाली सही, शिक्का. ग्रुपवर कोणी काही बोललं नाही. तिघांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. मीही टाकणार होतो.

संध्याकाळी खाली उतरलो तर कागदाच्या तळाशी पेन्सिलने, बारीक, इंजिनियरच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'बनमस्के किती?'

जिन्यात काका भेटले. विचारलं, हे तुम्ही लिहिलंत का? म्हणाले, सांगता येणार नाही.