साठीनंतरचे साडेतीन महिने

जपान्यांच्या दीर्घायुष्याचं कौतुक फार मनावर घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या आकड्यांत त्यांचं सरासरी आयुर्मान ८४.३ वर्षं, त्यातली धडधाकट ७४.१. आपलं ७०.८ आणि ६०.३. करा वजाबाकी. दुखण्याच्या वाट्याला दोघांकडेही दहा-साडेदहा वर्षंच! ती शेवटी सलगच घ्यावी लागतात असंही नाही. चाळिशीपासून हप्त्यानं मिळतात.

कर्नाटक सरकारच्या नोकरीत असाल तर साठीला निवृत्ती, म्हणजे सरासरीनं साडेतीन महिने ठणठणीत पेन्शन. तेवढ्यात काशी उरका. सीमेपलीकडे चंदगडला, महाराष्ट्राच्या नोकरीतला माणूस अठ्ठावन्नलाच घरी बसतो, त्याला दोन वर्षं जास्त. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. हा मुद्दा वकिलांना कळवून ठेवा.

ते साडेतीन महिनेही नको असतील तर सोय आहे. निपाणीच्या तंबाखूचा अभिमान नुसता बोलून दाखवू नका, दाढेत धरा. बीपीची गोळी बरं वाटलं की बंद करा. सवय लागते म्हणे. जपाननं मीठ कमी केलं, पक्षाघात घटला. करू देत, त्यांच्याकडे आपलं लोणचं कुठंय? २००८ पासून तर तिथं चाळिशी ते चौऱ्याहत्तरीच्या लोकांची कंबर दरवर्षी मोजतात, पुरुषाला मर्यादा ८५ सेंटिमीटर. आपल्याकडे हे काम शिंप्याकडे असतं. तो समजूतदार, न विचारता दोन बोटं सैल ठेवतो. बेळगावचा गोड कुंदा खायला मोकळे.

तरीही कुणी जपान-जपान केलंच तर आफ्रिकेतल्या लेसोथोचं नाव काढा. एचआयव्ही आणि क्षयानं पोखरलेल्या त्या देशात निरोगी वर्षं ४४.२. दुसऱ्याच्या मरणावर आपलं समाधान, स्वस्तात पडतं.

घरच्या बाईमाणसाची काळजी मात्र करूच नका. भारतातल्या बायका जगतात ७२.२ वर्षं, धडधाकट ६०.४, दुखण्याची जवळजवळ बारा! पुरुषांहून अडीच वर्षं जास्त, आणि भाकऱ्या त्या काळातही थापल्या जातातच. गुडघा धरून उठतात, पण उठतात ना? तपासायला न्यायची घाई कशाला? सुगी होऊ दे, सौंदत्तीची जत्रा होऊ दे, धाकट्याचं लग्न उरकू दे. अगदीच आडवी पडली तर गाडी करून थेट मिरजेच्या दवाखान्यात नेऊ.